४५ सेकंदांचा श्वास आणि अख्खा समुद्र : ‘सबनॉटिका’ गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा पूर्ण करायचा?

जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे तापी, गिरणा, पांझरा, हतनूरचं धरण, मेहरूण तलाव आणि शेतातली विहीर. खान्देशातली बरीचशी पोरं पोहायला शिकतात तीही विहिरीतच, पाठीला रिकामा डबा बांधून.

मला मात्र ते कधी जमलं नाही. धुळ्याजवळ मामाच्या शेतात विहीर आहे. तिसऱ्या पायरीच्या खाली मी कधी उतरले नाही, कारण खालचं हिरवं पाणी आणि त्याचा न दिसणारा तळ बघूनच पोटात गोळा यायचा. मामा एकच गोष्ट सांगायचा, “पाण्यात उतरायच्या आधी बाहेर यायची पायरी बघून ठेव.”

पुढे मामेभावाच्या कॉम्प्युटरवर ‘सबनॉटिका’ हा गेम हातात आला, आणि मामाचं ते वाक्य पहिल्या दहा मिनिटांतच आठवलं. या गेममध्ये तुम्हाला एका अनोळखी ग्रहाच्या समुद्रात टाकून देतात. हातात बंदूक नाही, नकाशा नाही आणि छातीत ४५ सेकंदांचा श्वास.

अनेक जण हा गेम उत्साहाने सुरू करतात आणि पहिला मोठा मासा अंगावर आला की बंद करतात. काहींना पुढे नेमकं काय करायचं तेच कळत नाही. म्हणून हा लेख. पहिल्या मिनिटापासून रॉकेट उडेपर्यंतचा सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने बघूया.

आधीच सांगते, पुढे संपूर्ण गोष्ट उघड केलेली आहे. स्वतः शोधत खेळायचं असेल तर तिसऱ्या टप्प्यानंतर थांबा आणि अडलात की परत या.

गेम आहे तरी काय?

‘सबनॉटिका’ बनवला अमेरिकेतल्या ‘अननोन वर्ल्ड्स एंटरटेन्मेंट’ या कंपनीने. डिसेंबर २०१४ मध्ये अर्धवट अवस्थेतला गेम लोकांना खेळायला दिला गेला. खेळणाऱ्यांच्या सूचना घेत तो वाढत गेला आणि २३ जानेवारी २०१८ ला पूर्ण स्वरूपात कॉम्प्युटरवर आला. त्याच वर्षाच्या शेवटी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर, २०२१ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि २०२५ मध्ये मोबाईलवर.

गोष्ट अशी. ‘अल्टेरा’ नावाच्या बलाढ्य कंपनीचं ‘अरोरा’ हे अंतराळयान ४५४६बी नावाच्या ग्रहाजवळून जात असताना अचानक कोसळतं. तुम्ही आहात रायली रॉबिन्सन, यानावरचा एक साधा कर्मचारी. तुमची सुटका होते ती ‘लाईफपॉड ५’ या तरंगत्या डब्यातून. चारही बाजूंना पाणी आणि समोर जळणारं अरोरा.

काम एकच : जगायचं आणि या ग्रहावरून बाहेर पडायचं.

सुरू करण्याआधी चार गोष्टी

पहिली, कॉम्प्युटर. किमान ४ जीबी रॅम, इंटेल एचडी ४६०० किंवा त्या तोडीचं ग्राफिक्स आणि २० जीबी जागा लागते. ८ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर गेम नीट चालतो.

दुसरी गोष्ट खान्देशातल्या माणसाने भिंतीवर लिहून ठेवावी. कॉम्प्युटरवर हा गेम आपोआप सेव्ह होत नाही. तुम्ही स्वतः मेन्यूत जाऊन सेव्ह केलं नाही आणि लाईट गेली, तर सगळी मेहनत पाण्यात. मे महिन्यातल्या एका दुपारी माझे सलग तीन तास असेच गेले होते. त्यात नुकतीच बांधलेली पाणबुडीही गेली. तेव्हापासून नियम केला : डब्यात किंवा तळावर परतलं की आधी सेव्ह, मग पाणी प्यायचं.

तिसरी, खेळायची पद्धत. सुरुवातीला चार पर्याय मिळतात. ‘सर्व्हायव्हल’मध्ये भूक, तहान, ऑक्सिजन सगळं सांभाळावं लागतं. ‘फ्रीडम’मध्ये भूक-तहान नाही. ‘हार्डकोअर’मध्ये एकदा मेलात की खेळ कायमचा संपला. ‘क्रिएटिव्ह’मध्ये हवं ते बांधा, गोष्ट नाही. पहिल्यांदा खेळताना ‘सर्व्हायव्हल’ घ्या. खाण्यापिण्याची कटकट नकोच असेल तर ‘फ्रीडम’. त्यात गोष्ट पूर्ण मिळते.

चौथी, भाषा. गेम मराठीत नाही. पण इंग्रजी सबटायटल्स सुरू ठेवा, कारण पुढचा रस्ता बहुतेक वेळा बोलण्यातूनच कळतो.

टप्पा १ : पहिला तास, उथळ पाणी

डोळे उघडतात तेव्हा डब्यात आग लागलेली असते. समोरचं अग्निशामक उचला आणि ती विझवा. आत एक ‘फॅब्रिकेटर’ आहे. कच्चा माल टाकला की तो वस्तू बनवून देतो. शेजारी सामान ठेवायची पेटी आणि बिघडलेला रेडिओ.

आता पाण्यात उतरा. डब्याच्या खालचा भाग ‘सेफ शॅलोज’, म्हणजे सुरक्षित उथळ पाणी. इथे जीव घेणारं फारसं काही नाही. फक्त गुहांमधून सुसाट येऊन फुटणाऱ्या ‘क्रॅशफिश’पासून जपा.

सगळ्यात आधी धातूचे तुकडे आणि चुनखडीचे गोळे गोळा करा. एका धातूच्या तुकड्यातून चार टायटॅनियम मिळतात. चुनखडी फोडली की टायटॅनियम किंवा तांबं. मग या क्रमाने वस्तू बनवा :

ऑक्सिजनची टाकी : तीन टायटॅनियम. श्वास ४५ सेकंदांवरून ७५ वर जातो. हीच सगळ्यात पहिली.

बॅटरी आणि स्कॅनर : दोन ॲसिड मशरूम आणि एक तांबं यांची बॅटरी, त्यात एक टायटॅनियम घातलं की स्कॅनर. या गेममध्ये स्कॅनर म्हणजे तुमची वही-पेन. समुद्रतळावर पडलेले यंत्रांचे तुकडे स्कॅन केले की ते यंत्र बनवायची कृती मिळते. दिसेल ते स्कॅन करा.

पायातले फिन्स आणि चाकू : यांना सिलिकॉन रबर लागतं. ते उंच वेलींच्या जंगलातल्या पिवळ्या चमकणाऱ्या बियांपासून बनतं. या जंगलात ‘स्टॉकर’ नावाचे लांब तोंडाचे मासे असतात. ते चावतात, पण बिया वेलीच्या मध्यावर असल्याने चटकन घेऊन निघता येतं.

रिपेअर टूल : सिलिकॉन रबर, टायटॅनियम आणि क्रॅशफिशच्या घरट्यातला गंधक. याने डबा आणि रेडिओ दुरुस्त करा.

पाण्याचं काय? समुद्राचं पाणी पिता येत नाही. ‘ब्लॅडरफिश’ नावाचा फुगीर मासा पकडून फॅब्रिकेटरमध्ये टाकला की पिण्याचं पाणी मिळतं. पुढे मीठ आणि प्रवाळाच्या तुकड्यापासून ब्लीच, आणि त्यापासून जास्त पाणी करता येतं. शिजवलेला मासा काही वेळाने खराब होतो. मीठ लावून वाळवलेला टिकतो, पण तो खाल्ल्यावर तहान लागते. सुकट खाल्लेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

टप्पा २ : रेडिओ ऐका, घर बांधा

रेडिओ दुरुस्त झाला की गोष्ट सुरू होते. इतर लाईफपॉडमधून संदेश यायला लागतात. कोणी मदत मागतंय, कोणी ठिकाण सांगतंय. तुम्ही तिथे पोहोचता तेव्हा डबा फुटलेला असतो आणि आत कोणी नसतं. एकदा, दोनदा, तीनदा. हळूहळू लक्षात येतं की जिवंत राहिलेले तुम्ही एकटेच आहात.

तरीही प्रत्येक डब्याजवळ जा. तिथे नोंदी, सामान आणि नव्या वस्तूंच्या कृती मिळतात. बुडालेल्या अवशेषांतून ‘सीग्लाइड’चे तुकडे स्कॅन करा. हा हातात धरायचा पंखा पोहण्याचा वेग बराच वाढवतो.

याच काळात कधीतरी अरोराचा स्फोट होतो. डब्यातून बघण्यासारखा क्षण, पण त्यानंतर यानाभोवती किरणोत्सर्ग पसरतो. त्यामुळे रेडिएशन सूट बनवून ठेवा.

यानंतरची महत्त्वाची वस्तू म्हणजे ‘हॅबिटॅट बिल्डर’. तो हातात आला की पाण्याखाली घर बांधता येतं. पहिलं घर साधं ठेवा : एक मार्गिका, एक दार, वर सोलर पॅनेल आणि आत फॅब्रिकेटर. घर उथळ पाण्यात हवं, म्हणजे ऊन पोचतं. काचेचे भाग जास्त लावले किंवा घर खोल बांधलं की भिंतींची ताकद कमी पडते आणि पाणी आत शिरतं. मधूनमधून मजबुतीच्या प्लेटा लावत राहा.

नकाशा नाही, म्हणून ‘बीकन’ बनवा. एक तांबं, एक टायटॅनियम. महत्त्वाच्या ठिकाणी सोडा आणि त्याला नाव द्या. मी माझ्या बीकनना आपल्याकडची नावं दिली होती. घर म्हणजे भुसावळ, कारण सगळ्या वाटा तिथूनच फुटायच्या.

टप्पा ३ : तरंगतं बेट, सीमॉथ आणि ‘सनबीम’

लाईफपॉड १९ च्या नोंदीतून एका बेटाचा पत्ता लागतो. हे ‘फ्लोटिंग आयलंड’. खरोखर तरंगणारं. इथे तुमच्याआधी आलेल्या माणसांची पडकी घरं दिसतात. ‘डेगासी’ नावाच्या यानातून वाचलेले तिघे इथे राहत होते : पॉल टॉर्गल, त्याचा मुलगा बार्ट आणि मार्गरिट मैडा. त्यांचं पुढे काय झालं, हा गेममधला दुसरा धागा.

बेटावरून दोन गोष्टी घेतल्याशिवाय परतू नका. एक, ‘मल्टिपर्पज रूम’ची कृती, म्हणजे मोठी गोल खोली. दोन, फळझाडं. टरबुजासारखं ‘मार्बलमेलन’ आणि कंदिलासारखी फळं आणून घरात लावली की जेवणाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. मासे पकडण्यात जाणारा वेळ वाचतो आणि गेम खऱ्या अर्थाने पुढे सरकतो.

दरम्यान ‘सीमॉथ’ बनवा. एका माणसाची छोटी पाणबुडी. ती २०० मीटरपर्यंत जाते. मॉड्यूल लावत गेलात की ३००, ५०० आणि शेवटी ९०० मीटर. तिच्यात बसलं की ऑक्सिजनची चिंता नाही. घरामागच्या विहिरीतून एकदम धरणावर आल्यासारखं वाटतं.

आणि मग रेडिओवर ती बातमी येते. ‘सनबीम’ नावाचं जहाज तुम्हाला न्यायला येतंय. उतरण्याची जागा ठरते, घड्याळ सुरू होतं. तुम्ही आनंदाने त्या डोंगराळ बेटावर पोहोचता. जहाज ढगांतून खाली येतं आणि बेटावरची एक प्रचंड परकी इमारत वळून त्याच्यावर गोळी झाडते. जहाजाचे आकाशातच तुकडे.

आता कळतं की अरोरा अपघाताने पडलेलं नाही. ते पाडलं होतं.

ही इमारत म्हणजे ‘क्वारंटाईन एन्फोर्समेंट प्लॅटफॉर्म’. जांभळ्या रंगाची परकी पाटी वापरून आत जाता येतं. आत तोफ बंद करायचा प्रयत्न केला की यंत्र तुमच्या हातात सुई टोचतं आणि निकाल देतं : तुम्हाला ‘कारा’ जिवाणूची लागण झालेली आहे, तोफ बंद होणार नाही. संपूर्ण ग्रह विलगीकरणात आहे. आत आलेल्याला बाहेर जाता येत नाही.

हा गेम २०१८ चा. लॉकडाऊनच्या दोन वर्षं आधीचा. २०२० नंतर खेळणाऱ्याला हा प्रसंग जरा जास्तच जवळचा वाटतो.

टप्पा ४ : अरोराच्या पोटात

आता पडलेल्या यानात जायचं. सोबत रेडिएशन सूट, रिपेअर टूल, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, पाणी आणि वाटेतला मलबा हलवायला ‘प्रपल्शन कॅनन’ हवं. काही दारं ‘लेझर कटर’ने कापावी लागतात.

यानाभोवती ‘रीपर लेव्हायथन’ फिरतात. ५५ मीटर लांबीचा, तोंडाजवळ चार नांगे असलेला हा प्राणी सीमॉथला मिठीत धरून चुरगाळतो. त्याची गर्जना आधी ऐकू येते. ऐकू आली की वाद न घालता मागे फिरा. यानाच्या मागच्या इंजिनांकडे जाऊच नका. पृष्ठभागालगत राहून पुढच्या फुटलेल्या बाजूने आत शिरा.

आत दोन कामं. पहिलं, इंजिनाच्या खोलीतल्या ११ भेगा दुरुस्त करा, म्हणजे किरणोत्सर्ग ओसरायला लागतो. दुसरं, कॅप्टनच्या खोलीतून ‘नेपच्यून’ रॉकेटचा आराखडा घ्या. दाराचा कोड रेडिओवरच्या संदेशातून मिळतो. संदेश निसटला असेल तर २६७९ टाका. जाता जाता ‘प्रॉन सूट’चे सांगाडेही स्कॅन करून घ्या.

रॉकेटचा आराखडा मिळाला म्हणजे बाहेर जायचा रस्ता कागदावर आला. फक्त तोफ बंद होत नाही तोवर तो निरुपयोगी आहे. आणि तोफ बंद व्हायची तर आधी आजार बरा झाला पाहिजे.

टप्पा ५ : खाली, आणखी खाली

बहुतेक लोक इथे अडकतात. कारण गेम “आता खोल जा” असं थेट सांगत नाही. ते डेगासीच्या तिघांच्या मागोमाग गेल्यावर समजतं. त्यांचा दुसरा तळ जेलीश्रूम गुहेत, सुमारे २५० मीटरवर. तिसरा डीप ग्रँड रीफमध्ये, सुमारे ५०० मीटरवर. त्यांच्या नोंदी वाचताना बाप-लेकातले वाद, भीती आणि हळूहळू वाढणारा आजार कळत जातो. तेही तुमच्यासारखेच उपाय शोधत खाली गेले होते.

त्यांच्या पुढे जायचं तर तयारी लागते :

रिब्रीदर : १०० मीटरच्या खाली ऑक्सिजन जास्त वेगाने संपतो. रिब्रीदर डोक्यावर असेल तर तसं होत नाही.

मोठी टाकी : सगळ्यात मोठ्या टाकीने श्वास २२५ सेकंदांपर्यंत जातो.

सायक्लॉप्स : चालतंफिरतं घर म्हणावं अशी मोठी पाणबुडी. हल, ब्रिज आणि इंजिन असे तिचे वेगवेगळे तुकडे शोधून स्कॅन करावे लागतात. मुळात ५०० मीटर, मॉड्यूल लावत गेल्यावर १७०० मीटरपर्यंत. आत पेट्या, फॅब्रिकेटर आणि झाडांच्या कुंड्या ठेवता येतात.

प्रॉन सूट : आत बसून चालवायचं यंत्रमानवासारखं चिलखत. मुळात ९०० मीटर, पुढे १३०० आणि १७००. त्याला ड्रिल लावलं की मोठे खनिजसाठे फोडता येतात. सायक्लॉप्सच्या पोटात तो बसतो, म्हणून ही जोडी एकत्र न्यायची.

मग ‘लॉस्ट रिव्हर’. समुद्राच्या खाली वाहणारी हिरवट, आम्लासारखी नदी, दोन्ही बाजूंना अवाढव्य सांगाडे. इथे निकेल मिळतं, जे आणखी खोल जाण्याच्या मॉड्यूलना लागतं. घोस्ट लेव्हायथनपासून सावध राहा. वाटेत एका गुहेत निळं चमकणारं प्रचंड झाड आहे, ‘कोव्ह ट्री’. शांत जागा. छोटा तळ इथे बांधून ठेवा.

याच नदीत परक्यांची उद्ध्वस्त प्रयोगशाळा आहे. आजाराचा उगम इथे कळतो. परके लोक काराचा उपाय शोधत होते. त्यासाठी त्यांनी ‘सी ड्रॅगन’ या महाकाय प्राण्याची अंडी आणली. अंड्यांसाठी आईने प्रयोगशाळेवर धडक दिली. इमारत फुटली आणि बंदिस्त जिवाणू समुद्रात सुटला.

नदीच्या टोकाला लाव्हाचा प्रदेश. इथे ‘कायनाइट’ मिळतं. सायक्लॉप्सला चिकटून वीज शोषणाऱ्या लाव्हा अळ्यांकडे लक्ष ठेवा आणि सी ड्रॅगन जवळ असेल तर ‘सायलेंट रनिंग’ चालू करा. लाव्हाच्या किल्ल्यात, सुमारे १२०० मीटरवर, परक्यांचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथून आयन बॅटरी आणि निळ्या पाटीची कृती घ्या. या निळ्या पाटीने शेवटचं दार उघडतं.

टप्पा ६ : सी एम्परर

सुमारे १४०० मीटरवर, लाव्हाच्या तळ्यात, ‘प्रायमरी कंटेनमेंट फॅसिलिटी’. आत एक अवाढव्य हौद आणि त्यात सी एम्परर लेव्हायथन. तिच्या जातीची शेवटची, म्हातारी, शेकडो वर्षं बंदिस्त.

तुम्ही घाबरून मागे सरकता. पण ती हल्ला करत नाही, बोलते. तिचा आवाज थेट डोक्यात ऐकू येतो. खरं तर आजार वाढू लागल्यापासून अधूनमधून जो आवाज येत होता, तो हिचाच.

काराचा उपाय तिच्या पिल्लांकडे आहे. परक्यांनी ती अंडी जबरदस्तीने उबवायचा प्रयत्न केला आणि ते हरले. तुम्हाला मात्र ती स्वतः रस्ता सांगते. पाच वनस्पतींचे नमुने गोळा करून ‘हॅचिंग एन्झाइम’ तयार करायचं. हौदातल्या परक्या दारांमधून थेट वरच्या बेटांवर आणि इतर भागांत जाता येतं, त्यामुळे सगळा प्रवास पुन्हा करावा लागत नाही.

एन्झाइम टाकलं की अंडी फुटतात, पिल्लं बाहेर पडतात आणि त्यांच्यातून ‘एन्झाइम ४२’ पाण्यात मिसळतं. त्याला स्पर्श केला की तुम्ही बरे. पिल्लं मोकळ्या समुद्रात जातात आणि आई त्यांचा निरोप घेऊन तिथेच संपते.

मी हा प्रसंग रात्री दोनला खेळले. मामेभाऊ शेजारी बसला होता. दोघंही काही वेळ काहीच बोललो नाही. मग तो म्हणाला, “ताई, सेव्ह कर.”

शेवट : तोफ, रॉकेट आणि बिल

बरे झालात की बेटावरच्या तोफेकडे जा. यावेळी सुईचा निकाल वेगळा येतो आणि तोफ बंद होते. हे केल्याशिवाय रॉकेट उडत नाही.

नेपच्यून रॉकेटचे पाच भाग असतात : लाँच प्लॅटफॉर्म, शिडीचा मनोरा, आयन बूस्टर, इंधनाचा भाग आणि कॉकपिट. यात हमखास अडवणारी वस्तू म्हणजे कॉकपिटला लागणारा सायक्लॉप्सचा शील्ड जनरेटर. सायक्लॉप्स बनवली नाही म्हणून शेवटी परत फिरावं लागलेले बरेच जण आहेत. निघण्याआधी एक ‘टाइम कॅप्सूल’ ठेवता येते. त्यात एक फोटो, संदेश आणि काही वस्तू. तुमची कॅप्सूल दुसऱ्या कोणाच्या तरी गेममध्ये सापडू शकते.

रॉकेट उडतं आणि शेवटी अल्टेराचा संदेश येतो. ग्रहावरचं सगळं खनिज कंपनीच्या मालकीचं होतं. जे वापरलं त्याचं बिल एक ट्रिलियन क्रेडिट्स. ते भरल्याशिवाय उतरायची परवानगी नाही. म्हणजे जीव वाचवून घरी आलात तर दारात वसुलीवाला उभा. आपल्याकडे यावर हसायचं की नाही, हे प्रत्येकाने आपल्या घरच्या सातबाऱ्याकडे बघून ठरवावं.

या सगळ्याला साधारण तीस तास लागतात.

बंदूक का नाही?

गेमचा दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड. याआधी त्याच्याच कंपनीने ‘नॅचरल सिलेक्शन २’ हा गोळीबाराचा गेम बनवला होता. तो ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत गोळीबार झाला आणि लहान मुलं मारली गेली. जगात आणखी बंदुका आणायच्या नाहीत, असं ठरवून त्याने ‘सबनॉटिका’त जीव घेणारी बंदूक ठेवली नाही, हे त्याने पुढे स्वतः सांगितलं.

याचा खेळण्यावर थेट परिणाम होतो. मोठा प्राणी समोर आला की वाट बदलायची, लपायचं किंवा ‘स्टॅसिस रायफल’ने काही क्षण गोठवून निसटायचं. आणि शेवटचा उपाय मारून नाही, तर जन्म होऊ देऊन मिळतो. सुरुवातीपासून बंदूक हातात असती तर हा शेवट खोटा वाटला असता.

यात खरं किती?

पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरण एवढा वाढतो. म्हणजे ५०० मीटरवर पन्नासपट. पाणबुडीला ठरलेल्या खोलीची मर्यादा असते, हे गेममधलं तत्त्व अगदी खरं. भारताच्या ‘समुद्रयान’ मोहिमेत तीन माणसांना ६००० मीटरवर नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत तयार होते आहे. तिच्यातला माणसांनी बसायचा गोल टायटॅनियमचाच आहे.

पण गेममध्ये तुम्ही शेकडो मीटर खोल पोहता आणि झर्रकन वर येता. खऱ्या पाण्यात असं केलं तर जीव जाऊ शकतो. धरणात, नदीच्या डोहात किंवा विहिरीत गेमचा आत्मविश्वास घेऊन उतरू नका. तिथे सेव्हचं बटण नाही.

पुढे काय?

‘सबनॉटिका : बिलो झिरो’ हा बर्फाळ भागातला पुढचा गेम २०२१ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. तो थोडा छोटा आहे. त्याच वर्षी ‘अननोन वर्ल्ड्स’ ही कंपनी ‘क्राफ्टन’ने ५० कोटी डॉलरला घेतली, वर कामगिरीनुसार आणखी २५ कोटी डॉलर देण्याचं ठरलं. क्राफ्टन म्हणजे आपल्या ‘बीजीएमआय’वाली कंपनी. जुलै २०२५ मध्ये क्राफ्टनने क्लीव्हलंडसह तीन प्रमुखांना पदावरून दूर केलं आणि त्या २५ कोटींवरून प्रकरण अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या कोर्टात गेलं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मेल्यावर सगळं जातं का? ‘सर्व्हायव्हल’मध्ये नाही. तळावरून निघाल्यानंतर गोळा केलेलं बरंचसं सामान जातं, तुम्ही पुन्हा तळावर जागे होता.

इंटरनेट लागतं का? एकदा डाउनलोड झाला की गोष्ट एकट्याने, ऑफलाईन खेळता येते.

नकाशाच्या बाहेर गेलं तर? विवराच्या कडेपलीकडे अथांग काळोख आहे. तिथे मोठे घोस्ट लेव्हायथन तुमच्या मागे लागतात. गेम तुम्हाला सांगतो की इथे तुमचं काम नाही. ऐका.

फार भीती वाटते, काय करू? आवाज थोडा कमी करा, दिवसा खेळा. गेममधला एक दिवस वीस मिनिटांचाच असतो, रात्र झाली तर घरात थांबा. अवशेषांत किंवा गुहेत शिरताना ‘पाथफाइंडर’ने खुणा टाकत जा. आणि ऑक्सिजन निम्मा झाला की परत फिरा. या गेममध्ये बहुतेक जण जातात ते खोल गेल्यामुळे नाही, तर परतीचा विचार उशिरा केल्यामुळे.

मामाने हेच सांगितलं होतं. मागच्या दिवाळीत शेतावर गेले तेव्हा पाठीला डबा बांधला, मामाला काठावर उभं केलं, बाहेर यायची पायरी बघून ठेवली आणि चौथी पायरी उतरले. पाणी गार होतं. तळ अजूनही दिसला नाही.